विजेच्या मोटारीचा पल्ला : घोषित आकडा आणि बालाघाटाची वाट

शासकीय कामकाजात वाहन ही चैनीची बाब नसून निकडीची गरज आहे, याचा प्रत्यय बीडसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात पावलोपावली येतो. सुमारे १०,७०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या आणि अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पश्चिमेचे आष्टी आणि पूर्वेचे परळी ही दोन टोके एकमेकांपासून इतकी दूर आहेत, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बैठकीसाठी जायचे तर सारा दिवस खर्ची पडतो. टंचाईची पाहणी, लसीकरण, शाळा तपासणी, पिकांचे पंचनामे यांपैकी कोणतेही काम मोटारीवाचून वेळेवर होत नाही.

ही मोटार आता पेट्रोल-डिझेलऐवजी विजेवर चालावी, असे शासनाचे धोरण आहे. महाराष्ट्राचे विद्युत वाहन धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. शासकीय कार्यालयांसाठी नव्याने खरेदी होणारी किंवा भाड्याने घेतली जाणारी वाहने १ जानेवारी २०२२ पासून विजेवर चालणारी असावीत, असाही निर्णय झाला. साहजिकच कार्यालयप्रमुखांच्या, पंचायत सदस्यांच्या आणि कर्ज काढून मोटार घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : एकदा बॅटरी पूर्ण भरली, की ही मोटार प्रत्यक्षात किती दूर जाते? माहितीपत्रकात ३०० किलोमीटर छापलेले असते आणि अनुभव घेणारा २०० सांगतो. यांत खरे कोण?

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मात्र ते वेगवेगळ्या रस्त्यांचे आकडे आहेत. हा फरक नीट उमगला, तर विजेची मोटार जिल्ह्याच्या उपयोगी पडेल; न उमगला, तर ती ऐन कामाच्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात उभी राहील आणि दोष मात्र विजेला दिला जाईल.

युनिट हेच माप

पेट्रोलच्या मोटारीसंबंधी पहिला प्रश्न असतो तो 'ॲव्हरेज'चा, म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते याचा. विजेच्या मोटारीत लिटरची जागा युनिट घेते. महावितरणच्या देयकात जे युनिट छापलेले असते, तेच हे युनिट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट, अर्थात एक किलोवॅट-तास वीज खर्च होते. बॅटरीची क्षमता याच मापात सांगितली जाते. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे ३० युनिट वीज साठवणारी टाकी होय.

ही टाकी किती लहान आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. म्हणजे ३० युनिटांच्या बॅटरीत जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोलइतकीच ऊर्जा मावते. एवढ्या ऊर्जेवर मोटार २०० किलोमीटर जाते, कारण विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेपैकी फार मोठा वाटा चाकांपर्यंत पोहोचवते. पेट्रोलचे इंजिन मात्र सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. परंतु याच काटकसरीची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे, त्याला पायलीभर धान्य सांडल्याचे जाणवत नाही. ज्याच्याकडे मोजकेच धान्य आहे, त्याला मूठभरही जाणवते. वारा, चढ, वातानुकूलन आणि वेग यांचा परिणाम पेट्रोलच्या मोटारीवरही होतो. तेथे तो टाकीच्या मोठेपणात झाकला जातो, विजेच्या मोटारीत तो उघडा पडतो.

घोषित पल्ला कसा ठरतो

भारतात वाहनांची प्रमाणित चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक प्रमुख संस्था महाराष्ट्रातच आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या नावाची ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली असून ती पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. 'एआरएआय' ही तिच्या नावाची आद्याक्षरे मोटारींच्या जाहिरातींतून सर्वांच्या परिचयाची झाली आहेत.

पल्ल्याची चाचणी रस्त्यावर होत नाही. मोटार प्रयोगशाळेत रोलरवर चढवली जाते. चाके फिरतात, मोटार जागच्या जागी राहते. किती सेकंद कोणत्या वेगाने चालवायचे आणि केव्हा थांबायचे, याचे वेळापत्रक ठरलेले असते. या वेळापत्रकाच्या पहिल्या भागात शहरी वाहतुकीचे अनुकरण असून त्यात वेग ताशी ५० किलोमीटरपलीकडे जात नाही. दुसऱ्या भागात तो ताशी ९० किलोमीटरपर्यंत नेला जातो. वातानुकूलन बंद असते, हवा समशीतोष्ण असते आणि घाट नसतो.

अशी चाचणी निरर्थक मानण्याचे कारण नाही. दोन मोटारींची तुलना करायची, तर दोघींची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर घ्यावी लागते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेसारखी जागा नाही. चूक होते ती तुलनेच्या आकड्याला प्रवासाचे आश्वासन समजण्यात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची विजेवर चालणारी 'नेक्सॉन' बाजारात आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. भागाकार केला, तर १०० किलोमीटरला सुमारे ९.७ युनिट असा खर्च निघतो. चार माणसे, सामान, भर उन्हाळा आणि महामार्गाचा वेग असताना एवढ्या कमी विजेत या वजनाची मोटार चालणे पदार्थविज्ञानाच्या नियमांतच बसत नाही. घोषित पल्ला मिळेल की नाही, याचे उत्तर अशा साध्या भागाकारातही दडलेले असते.

इतर देशांनीही हा अनुभव घेतला आहे. युरोपात जुनी सौम्य चाचणी बदलून सप्टेंबर २०१७ पासून अधिक कठोर चाचणी लागू करण्यात आली. अमेरिकेत प्रयोगशाळेतील पल्ल्याला सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणून येणारा आकडा ग्राहकाला सांगितला जातो. ३१२ ला ०.७ ने गुणले, तर सुमारे २१८ येतात. दोन्ही देशांच्या चाचण्या सारख्या नाहीत. तरीही रस्त्यावरच्या वास्तवाचा अंदाज बांधण्यास ही ढोबळ पद्धत आपल्याकडेही उपयोगी पडते.

वीज कोठे खर्च होते

माणसे व सामान धरून सुमारे १,७०० किलो वजनाची मोटार डोळ्यांपुढे ठेवली, तर विजेच्या खर्चाची तीन मुख्य खाती दिसतात. पुढील आकडे ढोबळ असले, तरी परस्परांतील प्रमाण समजण्यास ते पुरेसे आहेत.

पहिले खाते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचे. चांगल्या डांबरी रस्त्यावर १०० किलोमीटरला सुमारे ५ युनिट यात जातात. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा रस्ता खडीचा असेल, तर हा खर्च वाढतो.

दुसरे खाते हवेच्या विरोधाचे, आणि तेच सर्वांत फसवे आहे. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला १०० किलोमीटरमागे सुमारे सव्वातीन युनिट हवेशी झुंजण्यात जातात. ताशी ८० ला सुमारे सहा आणि ताशी १०० ला सुमारे नऊ. घर्षण, हवा, यंत्रणेतील घट आणि वातानुकूलन ही सर्व खाती एकत्र केली, तर ताशी ६० किलोमीटरला १०० किलोमीटरमागे १२ युनिट, ८० ला १४ ते १५ आणि १०० ला सुमारे १८ युनिट असा हिशेब येतो. ३० युनिटांच्या बॅटरीतील २७ युनिट वापरली असे धरले, तर हीच मोटार पहिल्या वेगाला २२५, दुसऱ्या वेगाला साधारण १८५ आणि तिसऱ्या वेगाला अवघी १५० किलोमीटर जाईल. म्हणजे चालकाच्या उजव्या पायाखाली ७५ किलोमीटरांचा फरक असतो.

यात वाऱ्याचीही भर पडते. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या तेथील वाऱ्याच्या भरवशावर. पावसाळ्याच्या तोंडावर समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल, तर ताशी ६० ने जाणाऱ्या मोटारीला तो ८५ च्या वेगाइतका विरोध करतो. हवेचे खाते तेथेच दुप्पट होते.

तिसरे खाते थंडाव्याचे. वातानुकूलन यंत्र अंतराप्रमाणे नव्हे, तर वेळेप्रमाणे वीज घेते. तासाला सुमारे एक युनिट हा मध्यम अंदाज. तापलेली मोटार थंड करताना तो अधिक असतो. म्हणून गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत जाणाऱ्या मोटारीत हवेचा विरोध कमी झाला, तरी प्रवास लांबल्याने थंडाव्याचा खर्च वाढतो.

घाटाचा हिशेब

बालाघाटाच्या रांगेने बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरीकाठची गेवराई-माजलगावची सखल गंगथडी, तर दक्षिणेस मांजरा खोऱ्याच्या बाजूचे उंच पठार. त्यामुळे जिल्ह्यातील बहुतेक दौऱ्यांत एकदा तरी घाट लागतो. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना चढ आहे; माजलगावकडून धारूरला येतानाही चढ आहे.

घाटासाठी एक नियम लक्षात ठेवावा. या वजनाची मोटार १०० मीटर उंच चढवण्यास अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. तेवढ्या विजेत सपाट रस्त्यावर साधारण चार किलोमीटर कापता आले असते. म्हणजे चढाचा प्रत्येक १०० मीटर हा चार किलोमीटर जादा रस्ता समजावा.

उताराला मात्र यातले काही परत मिळते. विजेच्या मोटारीत वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी उलटी काम करते आणि वीज बॅटरीत परत जाते. चढताना दिलेले सर्व परत येत नाही, परंतु बराचसा वाटा येतो. पेट्रोलची मोटार उतारावर ब्रेकची पट्टी झिजवते. विजेची मोटार त्याच उतारावर थोडी कमाई करते. येथे एक दक्षता आवश्यक आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवण्यास जागाच नसते. धारूरच्या माणसाने सकाळी बॅटरी काठोकाठ भरून माजलगावचा घाट उतरू नये. थोडी जागा रिकामी ठेवावी.

मोटारीच्या पडद्यावर दिसणारे 'उरलेले किलोमीटर' हेही घाटात फसवतात. नुकत्याच झालेल्या प्रवासाच्या खर्चावरून तो अंदाज निघतो. उतार संपताना तो आशावादी असतो आणि चढ संपताना निराश. म्हणून किलोमीटरपेक्षा बॅटरीची टक्केवारी पाहून निर्णय घेणे शहाणपणाचे ठरते.

उन्हाळा आणि बॅटरी

नॉर्वे या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. तेथील चिंता थंडीची आहे. गोठवणाऱ्या थंडीत बॅटरी कमी वीज देते आणि मोटार उबदार ठेवण्यासही वीज जाते. मराठवाड्यात उलट परिस्थिती आहे. चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात पल्ला एकाएकी निम्मा होत नाही, परंतु सततच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य हळूहळू घटते. कडुनिंबाच्या सावलीत किंवा पत्र्याऐवजी हवेशीर छपराखाली मोटार उभी करणे, घाटातून तापून आलेल्या बॅटरीला थोडी उसंत देऊन मग चार्जिंग करणे आणि अनेक दिवस शंभर टक्के भरून ठेवण्याचे टाळणे, हे साधे उपाय आहेत. बॅटरीवर आठ वर्षांची हमी देण्याची प्रथा रूढ आहे. तथापि, हमी असली तरी क्षमता वर्षागणिक थोडी कमी होणारच. आज जेमतेम पुरणारी मोटार पाच वर्षांनी अपुरी पडेल, हे खरेदीच्या वेळीच ध्यानात घ्यावे.

दौऱ्याचे गणित

आता प्रत्यक्ष दौरा घेऊ. बीड ते अंबाजोगाई हे मांजरसुंबा-केज मार्गे सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १८०. उन्हाळा, चार माणसे आणि घाट धरून १०० किलोमीटरला १५ युनिट मानले, तर २७ युनिट लागतात. ३० युनिटांच्या बॅटरीत परत येताना तीनच युनिट, म्हणजे दहा टक्के उरतात. वाटेत एखाद्या गावी वळावे लागले, तर अधिकाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. मात्र अंबाजोगाईत बैठक चालू असताना चार तास मोटार १५ अँपिअरच्या साध्या प्लगला लावली, तर तासाला सुमारे अडीच युनिट या हिशेबाने १० युनिट मिळतात. ही ६५ किलोमीटरांची शिदोरी होय. चिंता संपवण्यासाठी मोठ्या मोटारीची नव्हे, तर तेथील कार्यालयाच्या आवारात एका पक्क्या प्लगची गरज होती.

दुसरा दौरा विभागीय आयुक्तालयाचा. बीड ते छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर, जाऊन-येऊन २६०. येथे महामार्ग असल्याने वेग वाढतो. ४५ युनिटांच्या बॅटरीतील १५ टक्के राखीव ठेवली, तर हाती ३८ युनिट येतात. ताशी १०० च्या वेगाने ४७ युनिट लागतील, म्हणजे वाटेत चार्जिंग अटळ. ताशी ७५ च्या वेगाने सुमारे ३६ युनिटांत दोन्ही वाटा पूर्ण होतात. प्रत्येक वाटेला साधारण २५ मिनिटे जास्त लागतील, एवढाच काय तो फरक. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते जसजसे साध्य होईल, तसतसा हा ताण कमी होईल.

तिसरा दौरा मात्र सर्वांत अधिक वेळा होणारा : तालुक्यातल्या तालुक्यात ६० ते ८० किलोमीटर. त्याला दिवसाला १० ते १२ युनिट पुरतात. २० ते २४ युनिटांची लहान बॅटरीही ते काम करून संध्याकाळी शिल्लक राखते. वर्षातून चारदा होणाऱ्या लांब प्रवासासाठी वर्षभर जड आणि महाग बॅटरी वाहून नेणे किफायतशीर नाही.

एसटीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर राज्यातील पहिली एसटी धावली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरील बस सुरू झाली. ठरलेला मार्ग आणि ठरलेले अंतर असल्याने तेथे पल्ल्याचे कोडे उरत नाही. कार्यालयाच्या मोटारीचेही बहुतेक दौरे ठरलेलेच असतात. ते मोजले जात नाहीत, इतकेच.

मीटर, प्लग आणि रोहित्र

मोटारीच्या पडद्यावरचे युनिट आणि वीजमीटरवरचे युनिट सारखे नसतात. चार्जिंग होताना काही वीज उष्णतेत जाते, त्यामुळे बॅटरीत १५ युनिट पडायला मीटरवर सुमारे १७ युनिट नोंदली जातात. पल्ल्यासाठी पडदा पाहावा, खर्चासाठी मीटर पाहावा. उदाहरणादाखल युनिटचा दर ८ रुपये धरला, तर १०० किलोमीटरला १३६ रुपये पडतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या आणि १०५ रुपये दराचे पेट्रोल पिणाऱ्या मोटारीला त्याच अंतरास ७०० रुपये लागतील. सार्वजनिक जलद चार्जिंगचा दर घरच्या विजेपेक्षा अधिक असतो, हेही विसरू नये.

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात चार्जिंगची सोय करताना मंजूर भार तपासावा, अर्थिंग नीट करून घ्यावे आणि मोटारीसाठी स्वतंत्र जाड तार ओढावी. पंख्याच्या बोर्डावरून जोडवायर काढणे धोक्याचे आहे, कारण येथे सलग सहा-सात तास मोठा प्रवाह वाहत असतो. गावठाणाच्या रोहित्रावर संध्याकाळी आधीच ताण असतो. म्हणून चार्जिंग उशिरा रात्री किंवा छतावर सौर संच असल्यास दुपारी करावे. एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला साधारण चार युनिट देतो. तीन किलोवॅटच्या संचातून १२ युनिट, म्हणजे तालुक्यातल्या एका दिवसाच्या दौऱ्याची वीज मिळते.

विजेची काटकसर हा या जिल्ह्यात केवळ पैशांचा प्रश्न नाही. परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीजनिर्मिती होत आली आहे आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तेथील संच बंद ठेवावे लागले होते. युनिटामागे कोळसा असतो तसे पाणीही असते, हे बीडइतके दुसऱ्या कोणाला सांगावे लागणार नाही.

नोंदवहीतील नवा रकाना

प्रत्येक शासकीय वाहनाला नोंदवही असते. तीत इंधनाच्या लिटरचा रकाना असतो. विजेच्या मोटारीसाठी तेथे तीन गोष्टी लिहाव्यात : निघताना व परतताना बॅटरीची टक्केवारी, दौऱ्याचे किलोमीटर आणि चार्जिंगनंतर उपमीटरवर नोंदलेली युनिट. तीन महिने ही नोंद नेटाने ठेवली, तर त्या मोटारीचा, त्या चालकाचा आणि त्या रस्त्याचा खरा खर्च कागदावर येईल. नवी मोटार घेण्यापूर्वीही जुन्या नोंदवहीतून वर्षभराचे दौरे काढून पाहावेत : शंभर किलोमीटरांच्या आतले किती, दोनशेच्या पुढचे किती. बॅटरी केवढी हवी, ते हेच आकडे सांगतील.

शिक्षकांनाही यात एक उत्तम पाठ सापडेल. सरासरी, शेकडेवारी, वेग-काळ-अंतर, कार्य आणि ऊर्जा हे आठवी ते दहावीचे विषय विजेच्या एका मोटारीत एकत्र येतात. आपल्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास किती युनिट लागतील, हे गणित विद्यार्थ्याने सोडवले, तर घरी मोटार घेण्याच्या निर्णयात त्याच्या शब्दाला वजन येईल.

प्रयोगशाळेने मोटारीची परीक्षा घेतली आहे; रस्त्याची परीक्षा घेणे हे वापरणाऱ्याचे काम आहे. घोषित पल्ल्यातून तिसरा हिस्सा वजा करावा, घाटाच्या प्रत्येक १०० मीटरला चार किलोमीटर धरावे, पंधरा टक्के राखीव ठेवावी आणि जेथे चार तास थांबायचे आहे तेथे प्लगची सोय आधी पाहावी. एवढे पथ्य पाळले, तर विजेची मोटार बालाघाट चढून वेळेवर पोहोचेल आणि संध्याकाळी सुखरूप परतही येईल.